मी शिकवलेले डोहाळे

मावळातल्या निम्म्या गावांना माझं नाव हमीदा आहे हे ठाऊकच नव्हतं. मी 'काटेवाली बाई'. खांद्याला पिशवी, पिशवीत कात्री, दोरा, साबण, बोरिकची पूड आणि सगळ्यात वर पितळी ताणकाटा. काट्याच्या आकड्याला झोळी अडकवायची, झोळीत नुकतं जन्मलेलं मूल ठेवायचं आणि काटा किती पौंड दाखवतो ते वहीत लिहायचं, हे माझं सरकारी काम. ते करताना मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या शेतसारा मागणाऱ्या तलाठ्यानेही खाल्ल्या नसतील. गूळ तोलतात, मिरची तोलतात, माणसाचं लेकरू कधी कुणी तोलतं का, असं बायका तोंडावर विचारायच्या. तोललं की दृष्ट लागते आणि तोलणारीची दृष्ट सगळ्यात वाईट, हे तर ठरलेलंच.

माझे वडील लोणावळा स्टेशनात सांधेवाले होते. घाटातून गाड्या चढवायच्या आणि उतरवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हा त्यांनी मला पुण्याला सुईणकाम शिकायला पाठवलं. नात्यातल्या लोकांनी नावं ठेवली, तेव्हा ते म्हणाले, “मी रूळ बदलतो, पोरीने बदलला तर काय बिघडलं?” शिकून आले ती तळेगावच्या बाजूला एका दवाखान्यात लागले. त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. संपादकांचं पत्र आलं, 'काही तरी हलकंफुलकं लिहा.' मी आयुष्यभर वजनाचं काम केलं, त्यात हलकं ते सगळं काळजीचं. तरी लिहिते.

बाहेरच्या माणसासाठी धंद्यातली एवढीच गोष्ट सांगते. मूल जन्मतं तेव्हा ते साडेपाच पौंडांच्या पुढे भरलं की सुईणीला बरं वाटतं. पाचाच्या आत आलं की ती गप्प होते आणि चाराच्या आत आलं की देवाचं नाव घेते. पौंडांचा आकडा निम्मा केला की ढोबळ पक्के शेर येतात. हे वजन बाळंतपणाच्या दिवशी ठरत नाही. ते आधीचे कितीतरी महिने आईच्या ताटात ठरत असतं, आणि आईचं ताट सासूच्या हातात असतं. तेव्हा सुईणीने खरं तर पोटाची नव्हे, सासूची तपासणी करायला हवी, असं माझं मत झालं होतं. मी ते एकदा डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी मला बोरिकच्या डब्या मोजायला बसवलं.

सासवांचं म्हणणं साधं होतं. पोर बारीक राहिलं तर सुटका सोपी. म्हणून सातवा लागला की सुनेची भाकरी अर्धी व्हायची आणि काम मात्र पूर्वीइतकंच राहायचं. दूध मावळात नव्हतं असं नाही, पण ते पहाटेच्या गाडीने पुण्याला किंवा लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये जायचं. यावर उपाय म्हणून वरून दवाखान्यात एक रंगीत तक्ता आला. त्यात एक गोरीपान बाई वेताच्या खुर्चीत बसलेली, आणि शेजारच्या टेबलावर संत्री, दुधाचा पेला, पालेभाजी, अंडं आणि एक आख्खा मासा. मी तो गुंडाळून गावोगाव न्यायचे. शिरगावात एका ओट्यावर तो उलगडला तर बायकांनी टेबलाकडे पाहिलंच नाही.

“ही बसलीया व्हय?” एकीने विचारलं.

“हो. पोटुशी बाईने दुपारी थोडं पडावं, आराम करावा,” मी म्हटलं.

“मग हिच्या घरचं पानी कोन भरतं?”

तेवढ्यात दुसरी म्हणाली, “त्यो मासा असा उघडा ठिवलाय, हिच्या घरी मांजर न्हाई वाटतं.” सगळ्या हसल्या, मीही हसले आणि तक्ता गुंडाळला.

त्याच ओट्यावर मला माझी युक्ती सापडली. तिथली म्हातारी मला म्हणाली होती की सुनेला दूधबीध देणं आपल्याला परवडायचं नाही. थोड्या वेळाने पाहते तर तीच म्हातारी भर उन्हात टोपली घेऊन तळेगावला निघालेली. का, तर सुनेला सुकटीचे डोहाळे लागले होते. डोहाळे पुरवले नाहीत तर जन्मणाऱ्या पोराचे कान फुटतात, हा समज इतका पक्का की आमच्या मुसलमानांच्या घरांतही त्याला कुणी हरकत घेत नसे. माझा सल्ला म्हणजे वारा आणि सुनेचा डोहाळा म्हणजे कलेक्टरचा हुकूम, हे मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग मी सल्ला देणं बंद केलं आणि डोहाळे वाटायला सुरुवात केली.

तपासणीच्या निमित्ताने सुनेला आतल्या खोलीत घ्यायचं आणि कानात सांगायचं, तुला आता मेथीचे डोहाळे लागलेत. पुढच्या महिन्यात दुधाचे. मग शेंगदाणे-गुळाचे, मग अंड्याचे. 'नर्सबाईंनी सांगितलं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. नुसतं म्हणायचं, जीव लागलाय. काही पोरी हुशार निघाल्या, डोळ्यांत पाणीसुद्धा आणायच्या. काहींनी मात्र माझ्या नाकी नऊ आणले. एकीने सासूला सांगितलं, “मला सकाळी पावशेर आन सांजच्याला पावशेर दुधाचं डोहाळं लागल्यात.” दुसरीने तर दुपारी जेवणानंतर घटकाभर आडवं पडायचे डोहाळे लागल्याचं जाहीर केलं. सासू बिचारी चार घरी विचारत फिरली, पडायचे डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कुठला अवयव जातो म्हणून. शेवटी पाठ जाते असं कुणीतरी सांगितलं आणि पोरीला पडू दिलं.

एका माळकऱ्याच्या घरात मी घाईत अंड्याचा डोहाळा देऊन बसले. चूक माझीच, गळ्यातली माळ बघायला हवी होती. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. पोटात कोण येऊन राहिलं आहे, हाच त्यांना प्रश्न पडला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला की घरात नाही, पण गोठ्यात वेगळी चूल मांडली तर देवाला दिसणार नाही. ती पोर पुढचे तीन महिने म्हशीशेजारी बसून अंडी खायची. तिचा मुलगा पावणेसात पौंड भरला आणि सासऱ्यांनी तो विठ्ठलाचा प्रसाद म्हणून गावभर दाखवला. मी आकडा तेवढा वहीत लिहिला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना उर्स्याच्या पारूबाईंशी माझी गाठ पडली.

गाठ जुनीच होती. त्यांची सून सगुणा हिचं पहिलं मूल मी रुजू होण्याआधीच गेलं होतं. दुसऱ्याच्या वेळी मला बोलावलं ते मूल झाल्यावर. मुलगा, पावणेचार पौंड. अकराव्या दिवशी तोही गेला. मी तेव्हा वहीत आकडा लिहिला आणि परत आले, याखेरीज काहीच केलं नाही. काटा वजन सांगतो, वाढवत नाही. त्या परतीच्या वाटेवर मी रडले होते, ते आज इथे पहिल्यांदा सांगते आहे.

आता सगुणाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मनगटं काडीसारखी, तोंड पांढरंफटक. हेही मूल तसंच निपजलं तर ते जगायचं नाही आणि कदाचित सगुणाही उरायची नाही, हे तिला पाहताक्षणी मला कळलं. आणि पारूबाईंनी या वेळी सातव्याची वाटच पाहिली नव्हती, पाचव्यातच भाकरी अर्धी केली होती.

“दोन पोरं बारीक निपजली, ती जगली नाहीत. तरी अर्धीच भाकरी?” मी विचारलं.

“प्वार गेलं, सून ऱ्हायली न्हवं? सून ऱ्हायली तर दुसरं हुतंय,” त्या म्हणाल्या आणि कांदे निवडायला लागल्या.

मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते छापता येणार नाही. इतर गावांत मात्र मी ते बोलून दाखवलं. उर्स्याची पारूबाई कशी आहे याच्या नकला मी बायकांना करून दाखवायचे, कांदे निवडण्यासकट. त्या नकला चांगल्या व्हायच्या, आणि त्याचीच मला आज लाज वाटते.

सगुणाला डोहाळे शिकवणं म्हणजे मुक्याला कीर्तन शिकवण्यातला प्रकार. ती सासूपुढे मान वर करत नसे. “आत्याबाई, मला मेथी खावीशी वाटती,” एवढं वाक्य तिच्या तोंडून काढायला मला तीन खेपा लागल्या. अखेर तिने ते म्हटलं. पारूबाई उठल्या, परड्यातून मेथी आणली आणि शिजवून तिच्या पानात वाढली. किती, तर एक चिमूट. डोहाळा पुरा व्हायला एक घास बास, असं त्यांचं शास्त्र. शेंगदाण्यांचा डोहाळा लागला तेव्हा त्यांनी सात दाणे हातावर ठेवले. दूध मागितलं तर वाटीच्या तळाला दिसेल न दिसेल इतकं. मी सगुणाला म्हटलं, तुला पोटभर दुधाचे डोहाळे लागलेत असं सांग. पारूबाई म्हणाल्या, “डोहाळा चिजंचा असतोय, मापाचा न्हाई.” आतापर्यंत मावळातल्या सगळ्या सासवांना मी गुंडाळलं होतं. ही एकटी मला पुरून उरली.

मग मी हट्टाला पेटले आणि सगुणाला रोज नवे डोहाळे मागायला सांगितलं. दिवसाला चार-पाच. चिमूट चिमूट करून तरी काही पोटात जाईल. पारूबाई पुरवत राहिल्या, आणि बहुधा तेव्हाच त्यांना संशय यायला लागला.

आठवड्याच्या बाजारात तो फुटला. मी बोंबलांच्या पाट्यांपाशी उभी होते. दहा पावलांवर कोंबड्या विकायला बसलेल्या सासवांची मैफल जमली होती आणि मध्ये पारूबाई.

“आमचीला बाई मेथीचं डोहाळं,” शिरगावची म्हातारी म्हणाली.

“आमचीला बी. आन मग दुधाचं.”

“मग श्येंगदाणं आन गूळ?” पारूबाईंनी विचारलं.

“व्हय की. तुमास्नी कसं कळलं?”

“मग दुपारचं आडवं पडायचं?”

मग एकजात सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात बोंबलांची जुडी होती, ती मी इतक्या लक्षपूर्वक बघायला लागले की विकणाऱ्याला वाटलं मला त्यात किडे दिसले.

पारूबाई उठून माझ्यासमोर आल्या. “साऱ्या मावळात मिळून एकच पोट हाय का गं बाई?” त्या म्हणाल्या आणि कोंबडी काखेत मारून चालू लागल्या.

माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरांकडे तक्रार गेली तर माझं काय होईल ते होईल, पण दारं बंद झाली तर सगुणाला त्या चिमटीही मिळायच्या नाहीत. तिला तेव्हा सातवा लागत होता. रात्रभर मी खोटी उत्तरं जुळवली आणि सकाळी बघते तर पारूबाई माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसलेल्या. उर्स्याहून चालत आल्या होत्या. आमच्या घरचं पाणी त्या घ्यायच्या नाहीत, म्हणून मी सुपारीचं खांड पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“खरं सांग. डोहाळं तू लावलंस?”

“मी लावले,” मी म्हटलं.

“माज्या सुनंचं प्वार तुला मोठं करायचंय?”

“हो.”

“आन अडलं म्हंजी?”

मला शिकवलेला पाठ मी म्हणायला लागले, की आईला उपाशी ठेवल्याने वाट रुंद होत नाही, नुसतं मूल रोडावतं आणि आईच्या अंगात कळा सोसायचं बळ राहत नाही. पारूबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

“माजी यमुना पयल्या खेपंला म्हायेरी आली हुती. लेक ती माजी. म्या तिला काय कमी केलं न्हाई. दूध, तूप, लाडू, मागंल ते. माज्या हातानं भरवलं. तीन दिस अडली. तिसऱ्या दिशी गेली, प्वार पोटात घिऊन.” त्या जमिनीकडे बघत होत्या. “सुईन म्हनली, पारू, लय खाऊ घातलंस. तवापासनं म्या कुनाला खाऊ घालत न्हाई.”

ज्या बाईच्या मी गावोगाव नकला केल्या, ती सुनेला उपाशी मारत नव्हती. ती तिला वाचवत होती, आणि त्यापायी दोन नातवंडं घालवून बसली होती. मी धंद्यातला प्रश्न विचारला, कारण दुसरं काही विचारायची माझी हिंमत नव्हती.

“आधी काय दिसलं होतं, मावशी? डोकं?”

“हात. नुसता हात आला.”

“मग मूल आडवं होतं. खाण्याने मूल आडवं होत नाही. ते बारीक असतं तरी अडलंच असतं. कुणीतरी आधी हात लावून तपासायला हवं होतं आणि पुण्याला न्यायला हवं होतं.”

“तुला काय जातंय सांगाया,” पारूबाई म्हणाल्या. “ऐक. म्या सुनंला पोटभर घालते. पर नववा भरला की तू माज्या घरी येऊन ऱ्हायचं. तू वाढवलंस, तूच भाईर काढायचं. सगुनाला काय झालं तर तुजं त्वांड म्या बगनार न्हाई आन कुनाला बगू बी देनार न्हाई.”

मी हो म्हटलं.

पारूबाई अर्धवट काही करणाऱ्या नव्हत्या. त्या दिवसापासून उर्स्याचं दूध पुण्याला एक तांब्या कमी गेलं. मेथी, हुलग्याचं पिठलं, नाचणीचं सत्त्व, ओढ्यातले मुरे मासे, दुपारची झोप, सगळं सुरू झालं. आता उलटीच भानगड झाली. सगुणा मला आतल्या खोलीत नेऊन कानात सांगायची, “बाई, त्यांना म्हनावं आता पुरं, मला जात न्हाई.” मी गेले की पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते चाचपायचे. डोकं खाली आहे असं सांगितलं तरी पारूबाईंचं समाधान होत नसे. त्या मला पुन्हा हात लावायला लावायच्या, आणि मग स्वतःचा हात माझ्या हाताखाली घालून बघायच्या.

भाताची झोडणी चालू असताना मी त्यांच्या पडवीत मुक्कामाला गेले. माझं अंथरूण गोठ्याच्या बाजूला, जेवण पत्रावळीवर. बाळंतिणीच्या खोलीत मात्र मला मोकळीक होती, कारण तिथे सगळ्यांनाच विटाळ. पाचव्या दिवशी सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या.

दुपारपर्यंत मी निश्चिंत होते. दुपारनंतर नाही. कळा येत होत्या, पण मूल सरकत नव्हतं. मी सगुणाला धीर देत होते आणि मनात स्वतःलाच विचारत होते, की खरंच जास्त वाढवलं की काय. इतक्या बायकांना डोहाळे वाटताना मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. गाडी जुंपून ठेवा, वेळ पडली तर पुण्याला न्यावं लागेल, असं मी बाहेर सांगून ठेवलं. ते ऐकून पारूबाईंनी माझ्या पदराचं टोक आपल्या मुठीत घट्ट धरलं. मी पळून जाईन असं त्यांना वाटलं की आधार म्हणून धरलं, कोण जाणे. मी वाकले की त्या वाकायच्या, मी उठले की त्या उठायच्या. अशा अवस्थेत मी आयुष्यात ते एकच बाळंतपण केलं.

“आत्याबाई, हिचा पदर सोडा, हिला हात हलवता येत न्हाई,” दोन कळांच्या मध्ये सगुणा म्हणाली. सासूपुढे ती इतकं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. पारूबाईंनी चटकन पदर सोडला.

उन्हं कलली तेव्हा डोकं दिसलं. मग फार वेळ लागला नाही. मुलगी झाली आणि तिने असा आवाज लावला की खळ्यावरची झोडणी थांबली. सगुणा दमली होती, पण शुद्धीत होती आणि पाणी मागत होती.

मी काटा पिशवीतच ठेवला होता. या घरात आज तोलायचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं होतं. पारूबाईच म्हणाल्या, “काड तुजा काटा.”

सव्वासात पौंड. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, मागच्या वेळी काटा कुठे थांबला होता. मी नखाने जागा दाखवली. आता कुठे थांबला आहे, तेही दाखवलं. दोन खुणांमध्ये बोटभर अंतर होतं. ते त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग नातीला मांडीवर घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या. मी सगुणाचं आवरत होते.

“एवडं मोठं प्वार झालं, तरी माजी सून जित्ती हाय,” त्या म्हणाल्या.

“हो, मावशी.”

“म्हंजी माज्या यमुनेला खाऊ घातल्यानं न्हाई झालं.”

“नाही. तुम्ही घातलेल्या खाण्याने नाही झालं.”

पारूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी खाली मुलीच्या कपाळावर पडत होतं आणि ती त्यांच्या मांडीवर हातपाय झाडत होती. मग त्या म्हणाल्या, “पुन्यांदा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.